सकाळी आगाऊ घेतलेले नंबर

अशोक, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सुमनवहिनींनी माझ्या हातात एक कापडी पिशवी ठेवली. आत तुझा प्रबंध होता. "भाऊजी, ह्ये तुमी वाचा," त्या म्हणाल्या. "त्यांचं लिवलेलं आमाला कळत न्हाई. पुरं झालंय का अर्धं ऱ्हायलंय, तेवढं सांगा. पुरं आसंल तर विद्यापीठात नेऊन देऊ." मी मान हलवली. पिशवी घेताना माझे हात कापत होते. तुझ्या थोरल्या चुलत्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. जिवाभावाचा दोस्त गेला म्हणून याला आवरेना, असं त्यांना वाटलं. ते खोटं नव्हतं. पण हात दुःखानं कापत नव्हते, भीतीनं कापत होते, आणि त्या मांडवात हे एकट्या मला ठाऊक होतं.

तुलाही ठाऊक असेल कदाचित. तेच तर मला कळत नव्हतं.

सहा दिवस मी पिशवी उघडली नाही. आधी तांदळाच्या डब्यावर ठेवली. "हितं कामून ठिवली?" असं बायकोनं विचारल्यावर कपाटावर टाकली. जेवायला बसलो की नजर तिकडंच. मी पहिल्यापासून भित्रा, तुला काय सांगायचं! पूर्णेच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. गणिताच्या मास्तरांनी नुसतं "उभा राहा" म्हटलं की मी पाढेही विसरायचो आणि उत्तर तू खालून पुटपुटायचास. पुढं मी रेल्वेत लागलो, एका बारक्या स्टेशनचा मास्तर झालो, आणि तू कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागलास. "आपुन दोघंबी मास्तर," तू म्हणायचास. "फरक एवढाच, की तुझं चुकलं तर मानसं मरत्यात, माझं चुकलं तर कुनाला कळतबी न्हाई." आणि तू एकटाच हसायचास. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

तुझ्या प्रबंधाचा विषय ऐकून लोक तोंडाकडं बघत राहायचे. निर्णय घेणारी यंत्रं आणि जबाबदारीचं तर्कशास्त्र! ज्या जिल्ह्यात दिवसाचे सात-आठ तास लाइट नसते, तिथं या माणसाला यंत्राच्या अकलेची काळजी. मीही टर उडवली होती. तेव्हा तू सांगितलंस की हे यंत्रापासून सुरूच झालेलं नाही. नामांतराच्या पहिल्या दंगलीत तुमची वस्ती जळाली, तेव्हा तू वीस वर्षांचा होतास. सगळं निवल्यावर तू गावातल्या ओळखीच्या एकेकाकडं गेलास आणि विचारलंस. एक म्हणाला, मी नुसता उभा होतो. दुसरा म्हणाला, मी नुसतं घर दाखवलं. तिसऱ्यानं नुसता रॉकेलचा डबा धरला होता. "समद्यांचं 'नुसतं' गोळा केलं भास्करा, आन् बेरीज शून्य आली," तू म्हणालास. "घरं तर जळाली. म्हंजे बेरजेची रीतच चुकीची हाय. मला ती दुरुस्त करायची हाय."

ती रीत तू मला माझ्या स्टेशनाच्या बाकावर बसून शिकवलीस. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरनं यायचास, संध्याकाळच्या गाडीनं परत. मधे तीन-चार कप चहा आणि माझ्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर तुझ्या खुणा. खुणा तीनच होत्या. एक, माणसानं गोष्ट घडवली. दुसरी, त्याला ती ठाऊक होती. तिसरी, त्याला ती टाळता आली असती. तिन्ही खुणा एका नावाखाली आल्या तर जबाबदारी त्या नावाची. माणसामाणसांत हे कसंबसं जमतं, तू म्हणायचास, पण मधे विचार करणारं यंत्र घातलं की तिन्ही खुणा तीन दिशेला पळतात. घडवतं यंत्र. ठाऊक असतं ते बनवणाऱ्याला, तेही अर्धंमुर्धं. टाळता आलं असतं ते कुणा तिसऱ्यालाच, आणि त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं.

तू मला एकदा परभणीला कॉम्प्युटर दाखवायला नेलंस, आठवतं? कुठल्याशा कॉलेजात एका थंडगार खोलीत ठेवला होता. बाहेर चपला काढाव्या लागल्या. मी तर हात जोडायच्या बेतात होतो. कपाशीवरचा रोग ओळखायचा एक प्रोग्रॅम कुणीतरी केला होता. पानं पिवळी का तांबडी, बोंडं गळतात का, असं तो विचारायचा आणि शेवटी औषधाचं नाव सांगायचा. तू चालवणाऱ्याला विचारलंस, "आन् पीक जळालं तर कोन जबाबदार?" तो पोरसवदा साहेब म्हणाला, "प्रोग्रॅम चुकत नाही, सर. माहितीच चुकीची भरली असेल." बाहेर येऊन चपला घालताना तुझा चेहरा उतरला होता. "ऐकलास? यंत्र बोलत न्हाई, सायेब घावत न्हाई. ऱ्हातो कोन? माहिती भरनारा. सगळ्यात खालचा. बघ, पुढं दवाखान्यात, कोर्टात, समदीकडं आसली यंत्रं येनार, आन् हरएक ठिकानी एक खालचा मानूस आधीच हेरून ठेवलेला आसनार." त्या दिवशी तुझी मला पहिल्यांदा भीती वाटली. कारण सगळ्यात खालचा माणूस मी स्वतः एकदा हेरलेला होता.

लिंबाजीचं नाव मी इतक्या वेळानं घेतोय. बघ, अजून सवय गेलेली नाही.

लिंबाजी माझ्या स्टेशनाच्या हद्दीतल्या फाटकावर गेटमन होता. तुमच्याच वस्तीतला, तुझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा. फाटकाची रीत तुला मीच समजावली होती. गाडी यायची झाली की मी फाटकावर फोन करायचा. गेटमननं फाटक लावायचं, कुलूप घालायचं आणि फोनवर आपल्या कागदावरचा एक गुप्त नंबर मला सांगायचा. तो नंबर म्हणजे त्याचा शब्द, की फाटक बंद आहे. मी तो वेळ घालून रजिस्टरात लिहायचा आणि मगच सिग्नल द्यायचा. तुला ही रीत फार आवडली होती. "नंबराच्या मागं जिता मानूस हाय," म्हणालास, "ह्ये यंत्राला शिकवायला पायजे."

मागं जिता माणूस नव्हता, अशोक. आमच्या फाटकाच्या फोनला नुसतं वारं लागलं तरी तो मरायचा. फोन मेला की नियमानं गाडी थांबवायची, ड्रायव्हरला लेखी चिठ्ठी द्यायची, गाडीला उशीर, आणि वरून मला खुलासा मागणारं पत्र. मला पत्रांची भीती. म्हणून मी तोड काढली. सकाळी ड्यूटीवर आलो आणि फोन जिवंत असला की लिंबाजीकडून दिवसाचे चारही नंबर एकदम लिहून घ्यायचे. गाड्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या, त्या वेळेला तो फाटक लावायचा. मी प्रत्येक गाडीला एक नंबर रजिस्टरात टाकायचा. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. लिंबाजी पहिल्या दिवशी कचरला होता. "मास्तरसायेब, फाटक लावल्याबिगर नंबर द्यायचा?" मी म्हणालो, "अरे, मी हाय ना."

एका उन्हाळ्यात भर दुपारी वेळापत्रकात नसलेली मालगाडी आली. लिंबाजीला ती कशी कळणार? मी तिसरा नंबर टाकला आणि सिग्नल दिला. फाटक उघडं होतं. बैलगाडी रुळावर होती. दोन्ही बैल जागच्या जागी गेले. गाडीवानाचा पाय मोडला, तो आजही फरपटत चालतो.

चौकशीत लिंबाजीनं खरं ते सांगितलं. सायेब सकाळीच नंबर घ्यायचे. मला विचारलं. मी म्हणालो, असं कधीच होत नाही, नंबर त्यानं तेव्हाच फोनवर दिला. रजिस्टर समोर होतं, त्यात वेळ होती, नंबर होता, तो त्याच्या कागदावर खोडलेलाही होता. लिंबाजीची नोकरी गेली. यात सर्वांत वाईट काय, ते मी आजवर कुणाला बोललो नाही. खोटं बोलताना मला ठाऊक होतं की हवा माझ्या बाजूनं आहे. नामांतराच्या त्या वर्षांत चहाच्या टपरीपासून ऑफिसापर्यंत लोक काय बोलत होते, ते मी रोज ऐकत होतो. यांना नोकऱ्या पाहिजेत, काम नको. मी स्वतः तसं कधी बोललो नाही. मी फक्त त्या हवेत माझं वाक्य सोडलं. हे माझं 'नुसतं'.

लिंबाजीचं अपील तू लिहिलंस. त्यासाठी तू माझ्याकडं आलास तो दिवस मला पाठ आहे. तू चहा खाली ठेवलास आणि विचारलंस, "भास्करा, तो नंबर त्यानं कवा दिला?" मी म्हणालो, "तवाच. फोनवर." तू माझ्याकडं बघितलंस. फार वेळ नाही, एक श्वासभर. मग म्हणालास, "बरं." अपील फेटाळलं गेलं. आणि तू येतच राहिलास. तोच बाक, तोच चहा, त्याच तीन खुणा. लिंबाजीचा विषय तू परत कधी काढला नाहीस. पाच वर्षं, अशोक! तुझ्या हाताशी दोन माणसांच्या दोन जबान्या होत्या, एकमेकींच्या अगदी उलट. कॉलेजातलं पोरगंही सांगेल की दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. तू तर त्या विषयाचा मास्तर. दर सुट्टीला तुझी गाडी आली की मला वाटायचं, आज विचारणार. संध्याकाळी तू गेलास की सुटल्यासारखं वाटायचं. दोस्त गेल्यावर सुटल्यासारखं वाटणं म्हणजे काय, ते तुला कुठल्या खुणेनं मांडता आलं असतं?

मी तुझ्याशी वाद घालायचो तेही याच भीतीपोटी. कुणा दुसऱ्या स्टेशनचं म्हणून काहीबाही उदाहरण द्यायचो. "समज, बिचाऱ्या मास्तरनं फोन फिरवला आणि लागलाच नाही, मग?" तू लगेच म्हणायचास, "फिरवला आसंल तर येगळं." खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं. कारण मी फोन फिरवला नव्हता. इतकी वर्षं स्वतःला सांगत होतो की फिरवला, लागला नाही. खरं तर मी तो उचललाही नाही. उन्हं होती, झापड होती, नंबर समोर लिहिलेला होता.

मग कावीळ काय झाली, आणि पंधरा दिवसांत तू गेलास. दवाखान्यात मी रोज आलो. आता विचारेल, मरता माणूस विचारतोच, असं वाटायचं. तू विचारलंस ते काय, तर सुमनच्या बदलीच्या अर्जाचं बघशील का. मी बघतो म्हणालो. शेवटच्या दिवशी तू माझा हात धरलास आणि मी घाईनं सोडवून घेतला. ते मला माफ कर. मला वाटलं, आता विचारतोस.

तू गेल्यावर आठवड्यात नामविस्तार झाला. संक्रांतीच्या दिवशी माझ्या स्टेशनावरही पोलीस बसले होते. गाडीतली माणसं एकमेकांकडं न बघता उतरत होती. तिळगूळ कुणी कुणाला दिला नाही. तू असतास तर काय म्हणाला असतास, हे मला त्या दिवशी सारखं वाटत राहिलं. आनंदला असतास आणि घाबरलाही असतास, दोन्ही एकदम.

सातव्या दिवशी मी पिशवी उघडली.

तीन खर्डे निघाले, फुलस्केपवर तुझ्या बारक्या अक्षरात. पहिली तीन प्रकरणं पुरी होती. चौथ्याचं पहिलं पान बघितलं आणि खाली बसलो. त्यात फाटक होतं. क हा स्टेशनमास्तर, ख हा गेटमन. तू लिहिलं होतंस की पुढं अशी यंत्रं येतील, जी माणसांचे आगाऊ घेतलेले होकार साठवून ठेवतील आणि हवे तेव्हा वापरतील. आपला होकार कशाला वापरला गेला हे देणाऱ्याला कळणारही नाही, आणि कागदावर मात्र तोच दोषी दिसेल. मग ते उदाहरण घेऊन तू दोन वाटांनी गेला होतास. क ची जबानी खरी धरली तर काय निघतं. ख ची खरी धरली तर काय निघतं. दोन्ही वाटा शेवटपर्यंत नेल्या होत्यास, एकही पायरी गाळली नव्हतीस. आणि पुढं निष्कर्षाची जागा कोरी.

समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "भास्करला विचारणे."

दुसरा खर्डा काढला. तेच प्रकरण, अधिक नेटकं. समासात शाईनं, "भास्करला विचारणे." तिसऱ्यातही तेच, आणि पुढं एक शब्द जास्तीचा, "सुट्टीत."

म्हणजे दर सुट्टीला तू विचारायलाच येत होतास. पॅसेंजरनं यायचास, चहा प्यायचास, यंत्रांवर बोलायचास आणि न विचारताच परत जायचास. माझी समजूत होती की त्या बाकावर भिणारा मी एकटाच. ज्या माणसानं घर जाळणाऱ्यांच्या दारात जाऊन एकेकाला विचारलं, त्याला मला विचारायची भीती वाटली. त्या लोकांकडून तुला गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्याकडून होतं. मी त्या दिवशी फार रडलो, अशोक. बायको घाबरून शेजारणीला बोलवायला गेली.

तर आता सांगतो. नंबर मी सकाळी घेतला. लिंबाजीची जबानी खरी आहे. तुझी दुसरी वाट बरोबर आहे, ती पुरी कर म्हणायला आता तू नाहीस. सुमनवहिनींना मी हेच सांगितलं. प्रबंध अर्धा आहे, आणि तो माझ्यामुळं अर्धा आहे, असं म्हणून सगळं सांगून टाकलं. त्या आत गेल्या आणि मला पाणी आणून दिलं. मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, "लिंबाजीभाऊ चुडाव्याला ऱ्हात्यात."

आज सकाळी चुडाव्याला गेलो. स्टेशनाबाहेर लिंबाजी सायकलीचं पंक्चर काढत बसला होता. केस पांढरे झालेत. मला बघून उठला नाही, हातातलं कामही थांबवलं नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. दोनदा थांबलो. लिंबाजी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"मला कामून सांगायलात?" तो म्हणाला. "मला तर म्हाईतच हाय की. मीच दिलते ना नंबर. ज्यांला म्हाईत न्हाई त्यांला सांगा."

मी म्हणालो, पूर्णेला साहेबांच्या ऑफिसात जातो, लेखी देतो. माझी नोकरी जाईल हे त्याला सांगितलं नाही. पण ते त्याला कळत असणार, त्याचीही अशीच गेली होती.

त्यानं ट्यूब पुसली. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुमी एकले जानार न्हाईत, मास्तरसायेब. फाटकापातुर जाताल आन् माघारी फिरताल. मी वळखतो तुमाला. सोमवारी सकाळच्या पॅसेंजरला मी येतो. आपुन संगं जाऊ."

परत येताना गाडीत बसायला जागा होती, तरी मी दारातच उभा राहिलो. वहिनींच्या अर्जाचं मी बघीन, ते काळजीचं नाही. बायकोला अजून काही बोललेलो नाही. लेखी द्यायचा कागद लिहून ठेवलाय, चार वेळा फाडून पाचव्यांदा. सही तेवढी राहिली आहे.

उद्या सोमवार. लिंबाजी शब्दाचा पक्का आहे, तो येणार. आणि तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही म्हणून सांगतो अशोक, त्याची गाडी चुकावी असं मला अजूनही वाटतंय.